तटबंदी

तटबंदी म्हणजे किल्ल्याभोवती, गावाभोवती किंवा गढीभोवती संरक्षणासाठी घातलेली भक्कम भिंत आणि तिच्यातले बुरूज. बोलताना नुसते ‘तट’ म्हटले तरी चालते.

शब्दाचे दोन अवयव दोन घरचे आहेत. ‘तट’ संस्कृत, तिथे त्याचा अर्थ काठ, कडा, उतार. ‘वप्र’ या संस्कृत शब्दातही काठ आणि कोट असे दोन्ही अर्थ नांदतात; कौटिल्याचा वप्र म्हणजे खंदकातून निघालेल्या मातीचा बांध, त्यावर प्राकार, म्हणजे तटाची भिंत. ‘बंदी’ फारसीतून आलेला, बांधणी या अर्थाचा. जमाबंदी, मोर्चेबंदी यांतला. दारूबंदीतली मनाई इथे नाही. फारसी ‘बंद’ आणि संस्कृत ‘बंध्’ ही मुळात भावंडेच, म्हणून हा सांधा कानाला खटकत नाही.

ग्वाल्हेरच्या लष्कर या भागात वाढणाऱ्या मराठी मुलाला शाळेच्या हिंदीत ‘तट’ भेटतो तो नदीचा नाहीतर समुद्राचा. ‘तटबंध’ म्हणजे तिथे पूर अडवणारा बांध, आणि किल्ल्याच्या भिंतीला शब्द परकोटा. घरच्या मराठीत मात्र किल्ल्याला तट असतो. हे दोन अर्थ मुळात किती जवळचे आहेत, हे पाहायचे तर ग्वाल्हेर किल्ल्याच्या उरवाई दरवाजाच्या चढावर उभे राहून वर बघावे. पंधराव्या शतकात, तोमरांच्या राज्यात, इथल्या कड्यात तीर्थंकरांच्या प्रचंड मूर्ती कोरल्या गेल्या. त्यांच्या माथ्यावर कातळ आणि कातळाच्या कडेवर घडीव दगडांची भिंत. दोन्ही वालुकाश्मच, डोंगर कुठे संपला आणि गवंड्याचे काम कुठे सुरू झाले, हे दुरून उमगत नाही. कडा हाच तट आणि भिंत हीही तटच. या शब्दाचा इतका स्पष्ट अर्थ मला दुसऱ्या कुठल्या किल्ल्यावर दिसलेला नाही.

हा किल्ला महादजी शिंदे यांच्या ताब्यात असताना ३ ऑगस्ट १७८० च्या रात्री ईस्ट इंडिया कंपनीच्या कॅप्टन पॉपहॅमच्या फौजेने तो शिड्या लावून घेतला. चढणाऱ्यांना आधी तासलेला कडा, मग उभा उतार आणि शेवटी भिंत पार करावी लागली. पहारा गाफील असला की तिन्ही तट व्यर्थ ठरतात. १७८३ मध्ये महादजींनी किल्ला परत मिळवला.

तटावरून गस्तीसाठी चालायची वाट ती फांजी. बंदुकीसाठी भिंतीत ठेवलेली तिरपी भोके म्हणजे जंग्या, माथ्यावरचे दगडी कंगोरे म्हणजे चर्या, आणि मुख्य तटाबाहेर आणखी एक भिंत असली तर तो पडकोट.

मराठीने हा शब्द किल्ल्यावरून खाली, माणसांत आणला. घरात किंवा पंचायतीत फूट पडली की ‘दोन तट पडले’ म्हणतात. भिंत मधे आली, एवढेच त्यातून ऐकू येते. ‘तटस्थ’ मात्र भिंतीवरचा नव्हे. तो काठावर उभा राहिलेला, प्रवाहात न उतरलेला. एकाच शब्दातून भांडणारा आणि भांडणापासून दूर राहणारा, दोघेही निघाले. ‘कंपू’चेही असेच झाले. युरोपी भाषांतून आलेला हा शब्द शिंद्यांच्या कवायती फौजेचा. आज मराठीत त्याचा अर्थ टोळके. ग्वाल्हेरात दौलतराव शिंद्यांची छावणी १८१० च्या सुमारास किल्ल्याच्या पायथ्याशी स्थिरावली आणि शहराचे नावच लष्कर पडले. त्या लष्करात कंपू नावाची वस्ती आजही आहे.