फुकटचे गेम्स, शाळेचा पेनड्राइव्ह आणि कॉपीराइटचा अर्ज: गाडं कुठं अडतं

जून जवळ आला की परभणी-जिंतूरकडचे दोन-तीन क्लासवाले हमखास येतात. लिनक्स (विंडोजसारखीच, पण फुकट मिळणारी सिस्टीम), त्यावर मराठी मेनू आणि लेकरांसाठी दहा-बारा गेम्स भरलेला पेनड्राइव्ह शाळांना विकायचा असतो. म्हणतात, "सर, एवढा कॉपीराइट काढून द्या." आख्खा पेनड्राइव्ह तुमच्या नावावर होत नाही, हे पटवण्यातच माझी अर्धी दुपार जाते.

नोंदणी होते ती तुम्ही स्वतः लिहिलेल्या भागाची: मेनू, इन्स्टॉलर, स्वतःचा गेम. १९५७च्या कॉपीराइट कायद्यात कॉम्प्युटर प्रोग्रॅम साहित्यकृतीत धरला जातो. अर्ज लेखकाने करावा, किंवा ज्याच्याकडे लेखी हक्क आले त्याने. पगारी माणसाने नोकरीत असताना लिहिलं असेल तर मालकाने. अर्ज ऑनलाइन, फॉर्म १४. फी एका कृतीला ५०० रुपये, अर्ज फेटाळला तरी परत मिळत नाही. सोर्स कोडची, म्हणजे प्रोग्रॅमरने लिहिलेल्या मूळ मजकुराची, पहिली १० आणि शेवटची १० पानं लागतात, त्यातलं काहीही न झाकता.

अडतं ते अर्जासोबतच्या 'पुढील तपशिलाच्या विवरणपत्रात' (स्टेटमेंट ऑफ फर्दर पर्टिक्युलर्स). कृती मूळ आहे की दुसऱ्याच्या कृतीचं रूपांतर, असा प्रश्न तिथं आहे आणि सगळे डोळे झाकून 'मूळ' लिहितात. दुसऱ्याच्या जीपीएल गेममध्ये (जीपीएल म्हणजे कोड वापरायची, बदलायची आणि वाटायची अटींसह मुभा देणारं लायसन्स) तुम्ही मराठी बटणं आणि दोन लेव्हल घातल्या, तर ते रूपांतर झालं. मग मूळ कृतीचं नाव, तिचा लेखक आणि परवानगी कुणाची, हे सगळं भरावं लागतं. परवानगी म्हणजे गेमसोबत आलेला लायसन्सचा मजकूर. तो जोडा, पण आधी एकदा वाचा.

वाचा म्हणतो, कारण कोडचं लायसन्स वेगळं आणि चित्रं-आवाजांचं वेगळं असू शकतं. डूम या जुन्या गोळीबाराच्या गेमचा कोड १९९७ला खुला झाला, १९९९ला जीपीएलखाली आला. नकाशे, राक्षस, आवाज ज्या वॅड फायलीत असतात, ती मात्र आजही मालकाचीच. गेल्या खेपेला एकाच्या पेनड्राइव्हवर 'डूम २'ची वॅड फाइल निघाली. "इंजिन तर फुकटच आहे ना सर, मंग कामून अडतंय?" इंजिन, म्हणजे गेम चालवणारा कोड, फुकट आहे बाबा, ट्रॉलीतला माल नाही! त्याजागी फ्रीडूमच्या, म्हणजे डूमच्या इंजिनावर चालणाऱ्या खुल्या लायसन्सच्या, फायली टाकल्या, काम भागलं. चित्रं-आवाजांना बऱ्याचदा क्रिएटिव्ह कॉमन्स नावाचं लायसन्स असतं; त्याच्या नावापुढे 'एनसी' (नॉन-कमर्शियल, म्हणजे धंद्यासाठी नाही) दिसलं तर तो गेम विकायच्या पेनड्राइव्हमधून काढा. जुन्या व्हिडिओ गेमचे रॉमही (कार्ट्रिजवरून उतरवलेल्या गेमच्या फायली) काढा. कंपनी बुडाली म्हणून हक्क बुडत नाही. जाणूनबुजून भंग केला तर कलम ६३ खाली ६ महिने ते ३ वर्षं कैद आणि ५० हजार ते २ लाख दंड आहे. शाळेला दिलेला माल आहे म्हणून कुणी सोडणार नाही.

कुणाकडेच नसतो तो कागद म्हणजे लेखकाची, म्हणजे कृती ज्यानं केली त्याची, एनओसी (ना हरकत पत्र). गेममधली चित्रं क्लासमधल्या पोरानं काढलेली असतात आणि पोरगं आता पुण्याला. विद्यार्थी म्हणजे नोकर नव्हे, त्यामुळे चित्रांचा हक्क त्याचाच. चित्र हातात पडलं त्याच दिवशी सही घ्या, लहान असेल तर पालकाचीही. नंतर फोन लागत नाहीत, हे मी चार वेळा तरी पाहिलंय.

आता अर्जानंतरच्या ३० दिवसांच्या मुदतीचं. डायरी नंबर, म्हणजे अर्ज दाखल झाल्याचा क्रमांक, मिळाला की लोक महिना मोजतात आणि सर्टिफिकेट मागायला येतात. ती मुदत दुसऱ्या कुणाला हरकत घ्यायची असेल तर त्यासाठी आहे; तपासणी त्यानंतर सुरू होते. त्रुटी निघाली की पत्र ईमेलवर येतं, आणि अर्जातला ईमेल सायबर कॅफेवाल्याचा असतो. आता यावर काय बोलावं! स्वतःचा ईमेल द्या आणि रोज उघडा.

सर्टिफिकेट आलं तरी जीपीएलच्या अटी सुटत नाहीत. जीपीएलच्या दुसऱ्या आवृत्तीत सोर्स कोड सोबत द्या, किंवा मागेल त्याला देऊ अशी किमान ३ वर्षांची लेखी हमी द्या, असं आहे. ही ३ वर्षं तुम्ही पेनड्राइव्ह बनवला त्या दिवसापासून मोजू नका; शेवटची प्रत ज्या शाळेला दिली तिचीही हमी तेवढीच चालली पाहिजे. अट मोडली तर वाटायचा हक्कच जातो. त्यापेक्षा सोर्स त्याच पेनड्राइव्हवर वेगळ्या फोल्डरमध्ये टाका. ८ जीबीत मावत नसेल तर १६चा घ्या.