एचआयव्हीबाधितांच्या धमन्यांचे आरोग्य

एचआयव्हीची लागण झालेल्या व्यक्तीने एआरटी, म्हणजे विषाणूविरोधी औषधोपचार, सुरू केल्यावर तिच्या धमन्यांची स्थिती कशी बदलते, हा या नोंदीचा विषय. बाधितांना हृदयविकाराचा धोका इतरांच्या सुमारे दुप्पट आढळतो. भारतात २००४ पासून एआरटी मोफत मिळते. नागपुरात ‘मेडिकल’ आणि ‘मेयो’ या दोन्ही शासकीय रुग्णालयांत एआरटी केंद्रे आहेत.

धमनीला आतून पेशींचे एकपदरी अस्तर असते. ते नायट्रिक ऑक्साइड सोडते आणि धमनी गरजेप्रमाणे रुंदावते. उपचार न घेतलेल्या शरीरात प्रतिकारशक्ती सतत चेतलेली राहते. आतड्याचे अस्तर दुबळे होऊन जंतूंचे अंश रक्तात झिरपतात. या दाहाने धमनीचे अस्तर खराब होते, भिंत कडक होत जाते आणि रक्ताचा कल गुठळ्या धरण्याकडे वळतो.

अस्तराचा कस पाहण्याची एक साधी पण विलक्षण चाचणी आहे. मनगट आणि कोपर यांच्या मध्ये रक्तदाबाचा पट्टा आवळून पाच मिनिटे रक्त अडवतात. पट्टा सोडताच रक्ताचा लोंढा येतो, आणि दंडातली धमनी किती रुंदावली ते सोनोग्राफीवर मोजतात. ही चाचणी मुख्यतः संशोधनात वापरतात. पूर्वी औषध न घेतलेल्यांवर अमेरिकेत झालेला असा एक अभ्यास २००८ मध्ये प्रसिद्ध झाला. एआरटी सुरू झाल्यावर चारच आठवड्यांत धमनी जास्त रुंदावू लागली आणि २४ आठवड्यांत आणखी सुधारली. गोळ्यांचे मिश्रण कोणते, याने फारसा फरक पडला नाही. पहिल्या महिन्यात मळमळ होते म्हणून औषध सोडू पाहणाऱ्याला ही गोष्ट आवर्जून सांगावी. २००६ च्या एका मोठ्या अभ्यासात सीडी-४ (रक्तातल्या प्रतिकारक पेशींची संख्या) पाहून मधूनमधून औषध थांबवणाऱ्यांमध्ये हृदयविकाराच्या घटना वाढल्याच होत्या.

औषधे अगदी निर्धोक मात्र नाहीत. जुन्या प्रोटिएझ-रोधक गोळ्यांनी रक्तातली चरबी वाढते, अबाकाविर या एआरटीतल्याच औषधाचा हृदयविकाराशी संबंध आढळला आहे. सध्या बहुतेकांना मिळणारी डोल्युटेग्राविरयुक्त एकच गोळी चरबीच्या बाबतीत पुष्कळ सौम्य आहे. पण विषाणू दबला तरी दाह पुरता विझत नाही. ४० ते ७५ वयाच्या ७,७६९ बाधितांवरील चाचणीत पिटाव्हास्टॅटिन हे कोलेस्टेरॉल उतरवणारे औषध घेणाऱ्यांमध्ये हृदय व रक्तवाहिन्यांच्या गंभीर घटना सुमारे एक तृतीयांशाने घटल्या. हे निष्कर्ष २०२३ चे आहेत.

नागपूरपुरता एक प्रश्न वेगळा विचारावा लागतो: खर्रा. सुपारी, तंबाखू आणि चुना पन्नीवर घोटून पानठेल्यावर मिळणारा हा खर्रा अनेकांच्या लेखी ‘तंबाखू’ नसतोच. ‘तंबाखू खाता का?’ याला उत्तर ‘नाही’ येते, आणि ‘खर्रा किती लागतो, भाऊ?’ म्हटले की दिवसाचे तीन-चार निघतात. त्यातले निकोटीन नाडी आणि रक्तदाब वाढवते, धमन्या आवळते. गोळीने कमावलेले असे हातचे जाते. माझ्या मते पहिल्याच भेटीत खर्रा, रक्तदाब आणि साखर या तिन्हींची नोंद केंद्राच्या कोणत्याही कार्डावर, पण ठळक व्हावी.

दुसरी अडचण लपवण्याची. छातीत दुखू लागले की माणूस धंतोली-रामदासपेठेतल्या खासगी डॉक्टरकडे जातो आणि एआरटीचे नाव काढत नाही. लेबल खरवडलेली डबी घरीच राहते. या भीतीला कारणे आहेत. २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्याने रुग्णाशी भेदभाव करण्यास आणि त्याची माहिती उघड करण्यास मनाई केली असली, तरी अनुभव लवकर पुसले जात नाहीत. धोका मात्र खरा आहे. रिटोनाविर ही प्रोटिएझ-रोधक गोळी घेणाऱ्याला सिमव्हास्टॅटिन हे कोलेस्टेरॉलचे औषध दिले तर सिमव्हास्टॅटिनचे रक्तातले प्रमाण कित्येक पटींनी चढते, स्नायू झिजू लागतात आणि मूत्रपिंडांवर बेतू शकते. डोल्युटेग्राविरसोबत मधुमेहाच्या मेटफॉर्मिनचा डोसही बेताने ठरवावा लागतो. नाव उच्चारायचे नसेल, तर गोळ्यांची डबी किंवा केंद्राचे कार्ड डॉक्टरांपुढे ठेवले तरी काम भागते.