गुंफण-एन्ट्रॉपी

गुंफण-एन्ट्रॉपी : एका क्वांटम अवस्थेचे दोन भाग केले असता त्यांपैकी एकाच भागाविषयी उरणाऱ्या अनिश्चिततेचे माप. संपूर्ण अवस्था नेमकी ठाऊक असूनही तिचा भाग अनिश्चित असू शकतो; भागांमधील अशा क्वांटम संबंधाला गुंफण (इंग्रजीत ‘एन्टॅन्गलमेंट’) म्हणतात. हे माप जॉन फॉन नॉयमन यांच्या 1927 च्या सूत्राने काढतात; क्लॉड शॅनन यांची माहितीची एन्ट्रॉपी 1948 ची, म्हणजे नंतरची.

मराठीत गुंफणीला ‘गुंतागुंत’ असेही म्हणतात. परंतु बेळगावच्या शहापूर-वडगाव भागातील विणकराच्या घरी गुंता म्हणजे माग थांबवणारी, सोडवावी लागणारी अडचण. येथे तर हा संबंध हीच हाताशी असलेली, वापरायची सामग्री आहे, म्हणून ‘गुंफण’ हा शब्द स्वीकारला आहे. सीमाभागात मराठी माध्यमातून दहावी झालेल्या मुलाला विज्ञानशाखेत ‘एन्टॅन्गलमेंट’ हाच शब्द आधी भेटतो.

वितरित माहितीशी संबंध : डेव्हिड स्लेपियन आणि जॅक वुल्फ यांनी 1973 मध्ये सिद्ध केले, की परस्परसंबंधित नोंदी दोन ठिकाणांहून एकमेकांशी न बोलता पाठवल्या तरी एकत्र बसून पाठवण्याइतक्याच कमी जागेत मावतात. खानापूर तालुक्यातील कणकुंबी आणि जांबोटी येथे रोज पाऊस पडला तर 1, नाही तर 0 असे लिहितात आणि तीन दिवसांत दोन्ही नोंदींत फार तर एका दिवसाचा फरक पडतो, असे समजू. जांबोटीची नोंद 100 बेळगावात पोचली आहे. कणकुंबीच्या माणसाने तीन अंक कळवण्याची गरज नाही. 000-111, 001-110, 010-101, 011-100 या चार जोड्यांपैकी ‘दुसरी’ एवढेच कळवले, म्हणजे दोन बिट (बिट म्हणजे 0 किंवा 1 असा एक अंक), की पुरे. 001 हे 100 पासून दोन ठिकाणी वेगळे, 110 एकाच ठिकाणी. म्हणून कणकुंबीची नोंद 110. जांबोटीत काय लिहिले आहे हे कणकुंबीला शेवटपर्यंत कळत नाही.

एक नोंद हाती असता दुसरीविषयी उरणाऱ्या अनिश्चिततेला सशर्त एन्ट्रॉपी म्हणतात; ती एकूण एन्ट्रॉपीतून हातातील भागाची वजा करून मिळते. क्वांटम अवस्थांत हा हिशेब उणे होऊ शकतो. पूर्ण गुंफलेल्या दोन कणांच्या जोडीची एन्ट्रॉपी 0, पण एकेका कणाची 1 बिट. त्यामुळे एक कण हाती असता दुसऱ्याची सशर्त एन्ट्रॉपी −1. हे निकोलस सर्फ व क्रिस्टोफ अदामी यांनी 1997 मध्ये मांडले. त्याला व्यवहारी अर्थ मिळाला तो 2005 मध्ये होरोडेकी, ओपेनहाइम व विंटर यांच्याकडून : साधे (क्वांटम नसलेले) बिट पाठवण्याची मुभा असेल तर अवस्था पलीकडे पोचवूनही गुंफण शिल्लक उरते आणि पुढे वापरता येते.

क्षेत्रफळ-नियम व त्याचे श्रेय : कणभौतिकीतील क्षेत्र-सिद्धांतानुसार रिकामे अवकाशही गुंफलेले असते. त्यात एक गोल कल्पिला तर आतल्या भागाची एन्ट्रॉपी घनफळाच्या नव्हे, पृष्ठफळाच्या प्रमाणात वाढते, कारण मुख्य वाटा सीमेलगतच्या गुंफणीचा असतो. हा नियम बहुधा मार्क स्रेडनिकी यांच्या 1993 च्या लेखाच्या नावे नोंदवला जातो. वस्तुमानरहित मुक्त (कशाशीही परस्परक्रिया न करणाऱ्या) क्षेत्रासाठी त्यांनी काढलेली किंमत सुमारे 0.30 गुणिले गोलाची त्रिज्या व जाळीतील अंतर यांच्या गुणोत्तराचा वर्ग अशी आहे; जाळी म्हणजे आकडेमोडीसाठी सलग अवकाशाऐवजी कल्पिलेले ठरावीक अंतरावरचे बिंदू. तथापि बोम्बेली, कौल, ली आणि सॉर्किन यांनी 1986 मध्येच कृष्णविवरांच्या संदर्भात हा निष्कर्ष काढला होता. सॉर्किन यांचे पादुआ परिषदेतील टिपण तर 1983 चे. त्यामुळे उगम 1983 ते 1986 दरम्यान मानणे अधिक सयुक्तिक दिसते. स्रेडनिकी यांचे काम स्वतंत्र व आकडेमोडीने सुबोध, एवढे श्रेय त्यांचेच. जाळीतील अंतर शून्याकडे नेल्यास उत्तर अनंत होते, हा दोष मात्र दोन्ही मांडण्यांत सारखाच. शिन्सेइ र्‍यू व ताडाशी ताकायानागी यांनी 2006 मध्ये या एन्ट्रॉपीची सांगड एक मिती अधिक असलेल्या अवकाशातील लघुतम पृष्ठाशी घातली.

प्रयोग : 2015 मध्ये हार्वर्ड येथे थंड रुबिडियम अणूंवर एन्ट्रॉपीचे निकटचे माप घेण्यात आले. सर्न या युरोपीय कणभौतिकी प्रयोगशाळेतील अ‍ॅटलास या संशोधक गटाने 2023 मध्ये टॉप क्वार्क या जड मूलकणांच्या जोड्यांत गुंफण आढळल्याचे जाहीर केले. तो गुंफणीचा पुरावा आहे, एन्ट्रॉपीचे मापन नव्हे.