जड पाणी प्रकल्प, बडोदे

बडोद्याच्या उत्तरेस फर्टिलायझरनगरात, गुजरात स्टेट फर्टिलायझर्स कंपनीच्या (स्था. १९६२) खत कारखान्यालगत अणुऊर्जा विभागाने जड पाण्याच्या (साध्या हायड्रोजनऐवजी ड्यूटेरियम हा जड हायड्रोजन असलेल्या, अणुभट्ट्यांत लागणाऱ्या पाण्याच्या) उत्पादनासाठी फ्रेंच तंत्रज्ञान घेऊन उभारलेला प्रकल्प. छाणी-बाजव्याकडची ही वाट बडोदेकरांना सांगायला नको. प्रारंभाचे वर्ष कुठे १९७७, तर कुठे १९८० दिलेले आढळते. दोन्हींना आधार आहे : १९७७ च्या मध्यास प्रकल्प कार्यान्वित झाला, त्याच वर्षी डिसेंबरात स्फोट होऊन बंद पडला आणि १९८० च्या सुमारास पुन्हा मार्गी लागला. येथे १९७७ ग्राह्य धरले आहे.

निसर्गातील हायड्रोजनच्या साधारण साडेसहा हजार अणूंमागे एक ड्यूटेरियमचा असतो. खत कारखान्याच्या संश्लेषण वायूतील (नायट्रोजन व हायड्रोजन यांच्या मिश्रणातील) हा अंश द्रवरूप अमोनियात ओढून घेत आणि उरलेला वायू खतासाठी परत देत. त्यामुळे खत कारखाना थांबला की जड पाणीही थांबे. वायू व अमोनिया यांच्यातील ड्यूटेरियमची ही देवघेव शून्याखालील तापमानास आणि अतिशय उच्च दाबाखाली चाले. उत्प्रेरक म्हणून अमोनियात विरघळवलेले पोटॅशियम अमाइड वापरीत. हवा वा ओलावा लागताच ते पेट घेऊ शकते. एकाच मनोऱ्यात हायड्रोजन, अमोनिया आणि असा उत्प्रेरक, म्हणजे एखादा सांधा सुटला तरी अनर्थच. मूळ आराखड्यातील वार्षिक क्षमता सुमारे ६७ टन होती.

१९७७ च्या स्फोटाला अणुअपघात म्हणावे काय, यावर दोन मते संभवतात. साधे जड पाणी किरणोत्सारी नसते, ते अणुभट्टीत फिरून आल्यावरच त्यात ट्रिटियम हा किरणोत्सारी हायड्रोजन (अर्धायुष्य सुमारे १२.३ वर्षे) साठते. म्हणून ही दुर्घटना निव्वळ रासायनिक ठरते. १९९० पासूनची अणुघटनांची तीव्रता सांगणारी आंतरराष्ट्रीय सातपातळी श्रेणीही किरणोत्साराच्या निकषावर उभी आहे. चेर्नोबिल (१९८६) आणि फुकुशिमा (२०११) तिच्या सातव्या पातळीवर आहेत. उलट, भारतीय दाबयुक्त जड पाणी भट्ट्यांचे मंदायक (न्यूट्रॉनांचा वेग कमी करणारे द्रव्य) व शीतक (उष्णता वाहून नेणारे द्रव्य) दोन्ही जड पाणीच असल्याने इंधनसाखळीतील हा धोका अणुऊर्जेच्या खात्यावरच मांडावा, हे मत अधिक सयुक्तिक वाटते.

बडोद्यापासून सरळ रेषेत सुमारे १२० किमी. दक्षिणेस असलेल्या काक्रापार अणुवीज केंद्रात ११ मार्च २०१६ रोजी सकाळी पहिल्या भट्टीतील एका शीतक-वाहिनीतून असेच जड पाणी गळले. भट्टी आपोआप बंद झाली, केंद्रात आणीबाणी जाहीर झाली. बाहेर किरणोत्सार मर्यादेपलीकडे गेला नाही, असे अणुऊर्जा नियामक मंडळाने सांगितले. त्या वाहिनीतील, इंधन व शीतक सामावणाऱ्या झिर्कोनियम मिश्रधातूच्या दाबनलिकेला बाहेरून देवीच्या व्रणांसारखे गंजाचे ठिपके पडले होते. नलिकेभोवती खेळवलेल्या कार्बन डाय-ऑक्साइडमधील एथिलीनसारख्या अशुद्धीवर संशय घेतला गेला. गंज बाहेरून लागला, ही यातली खरी नवलाची बाब. तपासणीचा रोख एरवी आतल्या अंगाकडे अधिक असतो. दुसऱ्या भट्टीतही २०१५ मध्ये गळती झाली होती. दोन्हींच्या नलिका बदलून त्या अनुक्रमे २०१९ व २०१८ मध्ये पुन्हा सुरू झाल्या. [→ तारापूर].

बडोद्यात जड पाण्याचे उत्पादन पुढे थांबले. तेथे ट्रायब्युटाइल फॉस्फेटसारखी, युरेनियम वेगळे काढण्यास लागणारी द्रावके तयार होऊ लागली.