सी. डी. देशमुख : गव्हर्नर, अर्थमंत्री आणि एक राजीनामा

रिझर्व्ह बँकेचे गव्हर्नर राहिलेले आणि पुढे देशाचे अर्थमंत्री झालेले असे दोघेच. मनमोहन सिंग सगळ्यांना आठवतात. त्यांच्या चाळीसेक वर्षं आधी चिंतामण द्वारकानाथ देशमुख याच वाटेने गेले होते. महाराष्ट्रात त्यांचं नाव निघतं ते मुंबईसाठी दिलेल्या राजीनाम्यामुळे. पण त्या राजीनाम्याचा सगळा हिशेब मराठी अभिमानाच्या खात्यावर मांडला, तर माणूस अर्धाच कळतो. तो राजीनामा देणारा गृहस्थ मुळात राजकारणी नव्हता. त्याची हयात फायली वाचण्यात, त्यांवर शेरे मारण्यात गेली होती.

देशमुखांचा जन्म १४ जानेवारी १८९६ चा, रायगडाच्या परिसरातल्या नाते गावचा. १९१२ च्या मॅट्रिकला ते मुंबई विद्यापीठात पहिले आले आणि संस्कृतची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्तीही त्यांनाच मिळाली. केंब्रिजला शिकले ते मात्र वनस्पतिशास्त्र, रसायन आणि भूगर्भशास्त्र. १९१८ मध्ये आयसीएस परीक्षेतही पहिला क्रमांक. मग मध्य प्रांत आणि वऱ्हाडात वीसेक वर्षं सनदी नोकरी. १९३९ मध्ये ते रिझर्व्ह बँकेत आले, सरकार आणि बँक यांच्यातला दुवा म्हणून. काही महिन्यांत सचिव, १९४१ मध्ये डेप्युटी गव्हर्नर. तेव्हाचे गव्हर्नर सर जेम्स टेलर यांचं पदावर असतानाच निधन झालं आणि ११ ऑगस्ट १९४३ रोजी देशमुख बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले.

काळ महायुद्धाचा. ब्रिटन भारतातून माल आणि सैन्य उचलत होतं, बदल्यात लंडनच्या खात्यावर स्टर्लिंग, म्हणजे ब्रिटिश चलन, जमा दाखवत होतं आणि त्या जमेच्या आधारावर इथे नोटा छापल्या जात होत्या. महागाईची झळ इथल्या माणसाला, आणि पैसा लंडनमध्ये अडकलेला! युद्ध संपेपर्यंत ही रक्कम सुमारे १,७०० कोटी रुपयांवर गेली. जुलै १९४४ मध्ये अमेरिकेत ब्रेटन वुड्सला आंतरराष्ट्रीय नाणेनिधी आणि जागतिक बँक यांची आखणी करणारी परिषद भरली; तिथे गेलेल्या भारतीय शिष्टमंडळात देशमुख होते. निदान काही हिस्सा तरी नव्या नाणेनिधीमार्फत मोकळा करावा, असा भारताचा आग्रह होता. हा ब्रिटन आणि भारत यांच्या आपसातला मामला आहे, असं म्हणून ब्रिटनच्या बाजूने बोलणाऱ्या अर्थतज्ज्ञ केन्सने तो बाजूला सारला. पुढे फाळणीत रोख, सोनं आणि देणी यांची वाटणी झाली; पाकिस्तानची मध्यवर्ती बँक म्हणूनही ३० जून १९४८ पर्यंत रिझर्व्ह बँकच काम पाहत होती. १ जानेवारी १९४९ रोजी बँकेचं राष्ट्रीयीकरण झालं आणि त्याच वर्षीच्या जूनअखेर देशमुख पदावरून उतरले.

पुढच्या वर्षी ते नियोजन आयोगावर आले. या आयोगाचा वाढता शब्द न पटल्याने जॉन मथाई अर्थमंत्रिपदावरून बाजूला झाले, आणि त्यांच्या खुर्चीवर नेहरूंनी बसवलं ते आयोगाचेच सदस्य असलेल्या देशमुखांना. निवडणूक त्यांनी लढवली ती नंतर, १९५२ मध्ये, काँग्रेसच्या तिकिटावर, आपल्या कुलाबा जिल्ह्यातून.

मंत्री म्हणून त्यांची मोठी कामं दोन. १ जुलै १९५५ रोजी इम्पीरियल बँकेची स्टेट बँक झाली. दुसरं काम आयुर्विम्याचं, आणि त्याची तारीख बघण्यासारखी आहे. १९ जानेवारी १९५६ च्या रात्री देशमुखांनी आकाशवाणीवरून देशाला सांगितलं, की सरकारने वटहुकूम काढून आयुर्विमा कंपन्यांचा कारभार ताब्यात घेतला आहे. बातमी फुटली असती तर कंपन्यांना पैसा इकडचा तिकडे करायला वाव मिळाला असता, म्हणून सगळी तयारी गुपचूप झाली होती. देशी, विदेशी आणि भविष्यनिर्वाह संस्था मिळून अडीचशेच्या आसपास कंपन्या!

त्याच आकाशवाणीवरून तीनच दिवस आधी नेहरूंनी जाहीर केलं होतं, की मुंबई शहर केंद्राच्या अखत्यारीत राहील. मुंबई पेटली होती, मुंबई राज्याचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई यांच्या सरकारचे पोलीस गोळ्या झाडत होते. त्याच महिन्यात देशमुखांनी राजीनामा देऊ केला. नेहरूंनी तो लगेच स्वीकारला नाही. अर्थसंकल्प झाला, जूनमध्ये नेहरूंनी पुन्हा पाच वर्षं केंद्रशासित मुंबईची भाषा केली आणि जुलैत देशमुख मंत्रिमंडळाबाहेर पडले.

२५ जुलैचं त्यांचं लोकसभेतलं निवेदन वाचताना जाणवतं, की मराठी माणसावरच्या अन्यायाइतकाच त्यात पद्धतीचा मुद्दा आहे. एवढा निर्णय मंत्रिमंडळापुढे रीतसर न ठेवता जाहीर होतोच कसा? गोळीबाराची न्यायालयीन चौकशी का नको? नेहरूंना हे आरोप मान्य नव्हते. मुरलेल्या राजकारण्याने बहुधा पक्षात गट बांधला असता, सौदा केला असता. देशमुखांना ती कला अवगत नव्हती, आणि शिकायची हौसही दिसत नाही.

नंतर ते विद्यापीठ अनुदान आयोगाचे अध्यक्ष झाले, पुढे दिल्ली विद्यापीठाचे कुलगुरू. मधल्या काळात १ मे १९६० रोजी मुंबईसह महाराष्ट्र झाला. ज्या विमा व्यवसायाचं त्यांनी राष्ट्रीयीकरण केलं, त्याच्याच महामंडळाचा पैसा उद्योगपती हरिदास मुंदडा यांच्या कंपन्यांत गुंतवल्याचं मुंदडा प्रकरण १९५८ मध्ये त्यांचे उत्तराधिकारी टी. टी. कृष्णम्माचारी यांना भोवलं.

राजकारणाने त्यांना आणखी एकदा ओढलं. १९६९ च्या राष्ट्रपतिपदाच्या निवडणुकीत जनसंघ आणि स्वतंत्र पक्षाने त्यांना उभं केलं. महिन्याभरापूर्वीच इंदिरा गांधींनी चौदा बँकांचं राष्ट्रीयीकरण केलं होतं, स्वतंत्र पक्षाचा त्याला कडाडून विरोध होता, आणि त्यांचा उमेदवार कोण, तर इम्पीरियल बँक आणि विमा सरकारच्या हाती देणारा अर्थमंत्री! देशमुखांच्या मतांचं मूल्य भरलं १,१२,७६९. ते तिसरे आले. पहिल्या पसंतीत कोणालाच बहुमत नव्हतं, त्यामुळे दुसऱ्या पसंतीची मतं मोजावी लागली. त्यातला मोठा वाटा काँग्रेसचे अधिकृत उमेदवार संजीव रेड्डी यांच्याकडे गेला, तरी ४,०५,४२७ वर ते अडकले आणि ४,२०,०७७ मतांनी व्ही. व्ही. गिरी राष्ट्रपती झाले.