पेशीचे इंधन आणि पऱ्हाटीवरची फवारणी

पऱ्हाटीवर पांढरी माशी, तुडतुडे वाढले की विदर्भात फवारणीच्या पंपात जी औषधे पडतात, त्यांत एक डायफेन्थियुरॉन. ते पेशीतल्या एटीपी, म्हणजे पेशीचे इंधन, बनवणाऱ्या यंत्रावर घाव घालते. हे यंत्र माणसाला उमगायला जवळपास शतक लागले.

1897 साली एडुआर्ड बुखनर यांनी यीस्ट चिरडून काढलेल्या रसाने साखर आंबवली. पेशी मेली तरी तिची विकरे (एन्झाइम) काम करतात, हे त्यातून कळले. पुढे 1929 मध्ये जर्मनीत कार्ल लोमान यांना स्नायूंत एटीपी सापडले. त्याच सुमारास हार्वर्डमध्ये सायरस फिस्के आणि यल्लाप्रगडा सुब्बाराव यांनीही ते स्वतंत्रपणे शोधले. सुब्बाराव आंध्रातल्या भीमावरमचे. त्यांना नोबेल मिळाले नाही, हा मला अन्यायच वाटतो.

एटीपीमधला फॉस्फेटचा बंध तुटताना मिळणारी ऊर्जा पेशी सर्वत्र वापरते, ही मांडणी फ्रिट्झ लिपमन यांनी 1941 मध्ये केली. चरबी आणि ग्लायकोजेन ही कणगीतली ज्वारी, तर एटीपी ताटातली भाकर. आपल्या अंगात एका वेळी ते पाव किलोही नसते, पण दिवसभरात साधारण आपल्या वजनाइतके बनते आणि मोडते. पुरेसे साठले की साखर फोडणारे फॉस्फोफ्रुक्टोकायनेज हे विकर मंदावते. खर्च वाढला की पुन्हा वेग घेते.

हे बनते कसे, ते पीटर मिचेल यांनी 1961 मध्ये सांगितले: मायटोकॉन्ड्रिया या पेशीतल्या ऊर्जाघराच्या पडद्यापलीकडे प्रोटॉन (धनभारित कण) साठतात आणि परत येताना यंत्र चालवतात. अनेक वर्षे त्यांचे कुणी फारसे ऐकले नाही. नोबेल मिळाले 1978 मध्ये. जॉन वॉकर यांनी 1994 मध्ये गाईच्या हृदयातल्या या यंत्राची रचना उलगडली. त्याचा एक भाग चक्क गरगर फिरतो. माशीत, बैलात, फवारणाऱ्या मजुरात हे यंत्र मूलतः एकच आहे.

2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात पोचले. बऱ्याचदा एकाच पंपात दोन-तीन औषधे मिसळलेली असतात. मोनोक्रोटोफॉस हे कीटकनाशक मज्जासंस्थेतले ॲसिटिलकोलिनएस्टरेज हे विकर बंद पाडते, त्यावर उतारा म्हणून ॲट्रोपिन देता येते. डायफेन्थियुरॉनवर मात्र खास उतारा नाही. डॉक्टरांना लक्षणांवरच उपचार करावे लागतात. म्हणून रुग्णाला नेताना फवारलेल्या प्रत्येक औषधाचा डबा सोबत न्यायलाच हवा.