नाशिकमध्ये ऑनलाइन कार्यक्रमातून निवडणूक निधी : कोण देऊ शकतो, कोणती कागदपत्रं लागतात

विधानसभेच्या उमेदवाराने रात्री आठला लाइव्ह यायचं, सातपूर-अंबडच्या कारखान्यांतून घरी परतलेल्या कामगारांच्या प्रश्नांना उत्तरं द्यायची आणि शेवटी क्यूआर कोड दाखवून शंभर-पाचशेची मदत मागायची, यात बेकायदा काही नाही. एका बड्या माणसाच्या एकरकमी पैशापेक्षा शेकडो लोकांची छोटी वर्गणी उमेदवाराला जास्त मोकळं ठेवते, असं मला मनापासून वाटतं. म्हणूनच या पैशाचा हिशेब चोख हवा. ही माहिती नाशिक पूर्व, मध्य, पश्चिम आणि देवळाली या विधानसभा मतदारसंघांना धरून दिली आहे. महापालिका आणि जिल्हा परिषदेची निवडणूक राज्य निवडणूक आयोग घेतो, तिथले नियम व खर्चमर्यादा वेगळ्या असतात.

आधी बँक खातं

उमेदवारी अर्ज भरण्याच्या किमान एक दिवस आधी निवडणूक खर्चासाठी स्वतंत्र खातं उघडावं लागतं. ते उमेदवाराच्या एकट्याच्या नावे किंवा निवडणूक प्रतिनिधीसोबत (उमेदवाराने अधिकृतपणे नेमलेला माणूस, इलेक्शन एजंट) संयुक्त चालतं. घरच्यांपैकी कुणी प्रतिनिधी नसेल, तर त्याचं नाव या खात्यावर घालता येत नाही. बँकेला नेहमीची केवायसी कागदपत्रं द्यायची आणि खाते क्रमांक अर्ज भरताना निवडणूक निर्णय अधिकाऱ्यांना लेखी कळवायचा. उमेदवाराने स्वतःच्या खिशातून घातलेले पैसेही याच खात्यातून फिरले पाहिजेत.

कार्यक्रमात दाखवायचा क्यूआर कोड याच खात्याचा हवा. घाईघाईत एखाद्या कार्यकर्त्याचा मोबाइल नंबर पडद्यावर झळकतो आणि पैसे त्याच्या खासगी खात्यात जमा होतात. पुढे त्यातला प्रत्येक रुपया कुणाचा, हे सिद्ध करताना सगळ्यांची दमछाक होते. लाइव्ह व्हिडिओवर ‘सुपर चॅट’सारखी पैसे पाठवण्याची सोय असेल तर ती बंद ठेवा. ते पैसे कंपनीमार्फत, तिचा वाटा कापून येतात आणि समोर दिसतं ते टोपणनाव.

कुणाकडून घ्यायचे, कुणाकडून नाही

ऑनलाइन कार्यक्रमाला दुबईहून, न्यू जर्सीहून नाशिककर जोडले जातात, आणि खरी जोखीम इथेच आहे. २०१०च्या परकीय योगदान नियमन कायद्यानुसार उमेदवाराला आणि राजकीय पक्षाला परदेशी स्रोताकडून पैसा घेता येत नाही. परदेशात राहणारा पण भारतीय पासपोर्ट असलेला माणूस देणगी देऊ शकतो. त्याने ती भारतातल्या आपल्या बँक खात्यातून दिलेली बरी. ज्याने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं आणि हाती ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकाला मिळणारं कार्ड) आहे, तो कायद्याने परदेशी नागरिक. तो आपला सख्खा मामा असला तरी नाही म्हणायचं. सूत्रसंचालकाने हे क्यूआर कोड दाखवण्याआधी स्पष्ट सांगावं.

शासकीय कर्मचाऱ्यांना सेवा वर्तणूक नियम राजकीय वर्गणी देऊ देत नाहीत. देवस्थानाचा पैसा किंवा जागा राजकारणासाठी वापरायला १९८८चा कायदा मनाई करतो. सरकारी कंपनी पूर्ण बाद. खासगी कंपनीला स्थापनेनंतर तीन वर्षं झालेली असावीत, संचालक मंडळाचा ठराव हवा आणि रक्कम धनादेशाने किंवा ऑनलाइनच यावी. रोखीत एका व्यक्तीकडून उमेदवाराला १०,००० रुपयांपेक्षा जास्त घेता येत नाहीत.

नोंदणीचा फॉर्म कार्यक्रमाआधीच भरून घ्या: नाव, पत्ता, पॅन, रक्कम आणि ‘मी भारतीय नागरिक आहे’ अशी कबुली. बँकेच्या उताऱ्यात यूपीआयपुढे बारा आकडी क्रमांक आणि अर्धवट नाव येतं, त्यावरून ‘एस पाटील’ म्हणजे पंचवटीचे की पाथर्डी फाट्याचे हे कळत नाही. फॉर्ममधली यादी आणि उतारा त्याच रात्री जुळवा, पावत्या दुसऱ्या दिवशी पाठवा. ज्याचा पत्ता लागत नाही, त्याचे पैसे परत करा.

करसवलतीबद्दल हमखास विचारलं जातं. ती उमेदवाराला दिलेल्या पैशावर मिळत नाही. नोंदणीकृत पक्षाला रोखीव्यतिरिक्त दिलेल्या देणगीवर, तेही जुन्या करप्रणालीत मिळते. पक्ष देणगी घेत असेल तर रोखीची मर्यादा २,००० रुपये आहे आणि २०,०००च्या वरच्या देणग्या त्याला फॉर्म २४-ए मध्ये भारत निवडणूक आयोगाला कळवाव्या लागतात.

कार्यक्रमाचा खर्च आणि परवानगी

महाराष्ट्रात विधानसभा उमेदवाराची खर्चमर्यादा ४० लाख रुपये आहे. ऑनलाइन म्हणजे फुकट, असं कुणी धरून चालू नये. मीटिंग अॅपचं शुल्क, कॅमेरा, गायकाचं मानधन, समाजमाध्यमं सांभाळणाऱ्या टीमचा पगार हे सगळं अर्ज भरल्यापासून निकालापर्यंतच्या खर्चात धरलं जातं. कार्यक्रम पक्षाने घेतला तरी उमेदवाराचं नाव-फोटो वापरला की खर्च त्याच्याकडे येतो.

स्वतःच्या पेजवर टाकलेल्या साध्या पोस्टला पूर्वप्रमाणन, म्हणजे आधी तपासून घेतलेली मंजुरी, लागत नाही. पैसे देऊन जाहिरात केली की लागतं. त्यासाठी जिल्ह्याच्या माध्यम प्रमाणन व संनियंत्रण समितीकडे किमान तीन दिवस आधी अर्ज करायचा. सोबत जाहिरातीच्या दोन इलेक्ट्रॉनिक प्रती, तिच्या मजकुराची साक्षांकित प्रत आणि खर्चाचा तपशील जोडायचा. चौकात पडदा लावून लोक जमवणार असाल तर ती सभाच झाली, तिची परवानगी वेगळी. आणि गर्दीसाठी पैठणीची सोडत ठेवू नका. मतदाराला वस्तू देणं लाचेत मोडतं.

मतदान संपण्याआधीच्या ४८ तासांत कार्यक्रम ठेवू नये. प्रचारकाळात खर्च नोंदवही किमान तीनदा तपासणीला द्यावी लागते, तेव्हा देणगीदारांची यादी सोबत ठेवा. निकालानंतर ३० दिवसांच्या आत नोंदवही, बिलं, बँक उतारा आणि प्रतिज्ञापत्र जिल्हा निवडणूक अधिकाऱ्यांकडे, म्हणजे जिल्हाधिकारी कार्यालयात जमा करायचं. हरलेल्या उमेदवारालाही यातून सुटका नाही. हिशेब न दिल्यास भारत निवडणूक आयोग तीन वर्षांसाठी अपात्र ठरवू शकतो, म्हणून जमा केल्याची पोच हातात घेतल्याशिवाय तिथून निघू नका.